साहेब मागच्या खोलीत

नवा मासा पिशवीतून घरी आला आणि थेट आबांच्या खोलीत गेला. बायको गेल्यावर आबा मुलाकडे राहायला आले, तेव्हा तेही असेच थेट मागच्या खोलीत गेले होते. “थोडे दिवस इथे राहा, मग बघू,” असं मुलगा म्हणाला होता. नंतर कोणी बघितलं नव्हतं.

“आबा, हा क्वारंटाइनमध्ये आहे.” आबांच्या गोळ्यांचा डबा सरकवून मुलाने टेबलावर काचेची छोटी टाकी मांडली. “खाऱ्या पाण्यातल्या माशांचं फार नाजूक असतं. याच्या अंगावर काही रोग असला, तर हॉलमधले साहेब दगावतील. पांढरे ठिपके दिसले की संपलंच!”

साहेब म्हणजे हॉलच्या मोठ्या टाकीतला केशरी मासा. त्याला निळे दिवे होते, लाटा करणारं यंत्र होतं. पाहुणे आले की आधी साहेबांना भेटत, मग घरच्यांना. आबांना भेटायचं बहुधा राहून जाई.

छोट्या टाकीत प्लॅस्टिकच्या पाइपचा एक तुकडा होता. पिवळा पाहुणा त्यात तोंड खुपसून बसला. आबांनी त्याला पेपर वाचून दाखवला. निधनवार्तांपर्यंत त्याने दम धरला, मग पाठ फिरवली.

“जेवत नाही गं हा,” आबा सुनेला म्हणाले.

“एकट्याला कुठे जेवण जातं?” सून सहज बोलून गेली आणि ऑफिसला निघाली.

घर रिकामं झालं. साहेब एकटे, हाही एकटा. आबांनी जाळी घेतली, निम्मा हॉल ओला केला आणि साहेबांना सन्मानाने मागच्या खोलीत आणलं. पिवळ्याने दाणे टिपले. त्या दुपारी आबाही पोटभर जेवले.

संध्याकाळी हॉलमधून किंकाळी आली.

“साहेब कुठायत?”

“माझ्याकडे आलेत. बसायला.”

मुलगा धावत मागच्या खोलीत आला. “काय करून ठेवलंत, आबा! आता साहेबही क्वारंटाइन! आणि जाळी कुठली वापरलीत?”

“घरात एकच तर आहे. आधी याला जरा ढोसून पाहिलं, मग तीच तिकडे.”

“म्हणजे मोठी टाकीही गेली! आता कित्येक आठवडे ती रिकामी ठेवायची. मासाच नसला की जंतू उपासमारीने मरतात.”

“बिचारे,” आबा म्हणाले.

हॉलमध्ये लाटा रिकाम्याच आपटू लागल्या. मुलगा रोज ठिपके तपासायला मागे येई आणि चहाही तिथेच मागवी. चहा आणणारी सून पलंगावर टेके. पाहुणे सरळ आत शिरत, “साहेब कसे आहेत?” म्हणून विचारत आणि जाता जाता, “तुम्ही कसे, आबा?” दोन खुर्च्या आल्या. मागोमाग टीव्ही आला.

“पाय पसरायला जागा राहिली नाही मेली,” आबा कुरकुरत. कुरकुरायलाही ऐकणारं माणूस लागतं. ते आता होतं.

शेवटी मुदत संपली.

“उद्या दोघांना हॉलमध्ये हलवू,” मुलगा म्हणाला. “खुर्च्याही नेऊ.”

आबा चष्मा लावून काचेपाशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“या पिवळ्याच्या कल्ल्यापाशी पांढरा ठिपका दिसतोय का रे?”

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. काचेला नाक लावून तो ओरडला, “अहो, दोन आहेत!”

सुनेची नजर चांगली होती. तिने मासा पाहिला. तो लख्ख पिवळा होता. मग तिने आबांकडे पाहिलं.

“तीन,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.