जिभाऊंची जीभ

"गोड जास्त झालंय," जिभाऊ म्हणाले आणि अर्धं चावलेलं बिस्कीट त्यांनी बशीत परत ठेवलं.

ट्रे घेऊन आलेला फोरमन दारातच थबकला. "काय म्हणालात?"

"गोड. घशाशी येतंय अगदी. साखर कमी करा."

"अहो, माप तेच आहे. माझ्या आधी जो फोरमन होता त्याचंही हेच होतं. त्या यंत्राला दुसरं माप माहीतच नाही."

"मग मी काय खोटं बोलतोय?"

बिस्किटांच्या त्या कारखान्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. भट्टीतून निघालेला प्रत्येक घाणा आधी जिभाऊंच्या तोंडात जायचा आणि मग पुड्यात. लोणी कालचं की आजचं, भट्टीचा मागचा कोपरा जास्त तापलाय की काय, हे ते एका घासात सांगत. एकदा "साबण" एवढंच म्हणून त्यांनी अख्खा घाणा टाकायला लावला होता. शोध घेतल्यावर कळलं की पिठाचं पिंप धुणाऱ्याने ते नीट विसळलंच नव्हतं. तेव्हापासून जीभ आणि भाऊ यांचा जिभाऊ झाला. मालकीणबाईसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारत.

फोरमनने साखर कमी केली.

आता या जिभेचं काय झालं होतं, ते फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि त्यांनाही अर्धवटच. झालं होतं असं की, काही महिन्यांपूर्वी मालकीणबाई तपासणीच्या खोलीत आल्या म्हणून जिभाऊ अदबीने उठले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. खुर्चीला हात होते आणि जिभाऊंना कंबर राहिली नव्हती. दोघांनी खुर्ची धरली, एकाने जिभाऊंना धरलं. मालकीणबाई तेवढा वेळ भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचं ते भिंतीकडे बघणं जिभाऊंना फार लागलं. त्याच संध्याकाळी ते बायकोला घेऊन डॉक्टरकडे गेले.

"खाणं कमी करू नका, खाणं बदला," डॉक्टर म्हणाले. "गोड बंद. तळलेलं बंद. अंधार पडायच्या आत जेवण. आणि पोट भरलं असं वाटायच्या थोडं आधी उठायचं."

हे सगळं डॉक्टर जिभाऊंना सांगत होते, पण ऐकत होती ती त्यांची बायको. घरी आल्याआल्या तिने साखरेचा डबा शेजारी नेऊन दिला, मोठी ताटं माळ्यावर टाकली आणि लहान ताटल्या काढल्या. जेवताना ती समोर बसायची. "गिळू नका. अजून चावा. कुठे पळून जात नाहीये ते." सुरुवातीला जिभाऊ कळवळले. कुणी नुसतं 'गोड बातमी' म्हणालं तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पुढे अंगवळणी पडलं. सदरे खांद्यावरून लोंबायला लागले, जिना एका दमात चढता येऊ लागला, आणि वाकून बुटाची नाडी बांधताना आपलेच गुडघे त्यांना कितीतरी वर्षांनी जवळून दिसले. एकदा वजन उतरलं की पुन्हा पहिल्यासारखं खायचं, एवढ्या बोलीवर ते हे सगळं सोसत होते.

कारखान्यात मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. गोड सोडलेला माणूस बिस्किटं तपासतो, हे कळल्यावर कोण ठेवून घेईल? दार लोटून घेऊन ते घास चावत, बेसिनमध्ये थुंकत, चूळ भरत आणि मग चेहरा नीट करून निकाल देत.

आणि निकाल हल्ली एकच असायचा. गोड. अजून गोड. फोरमन आणखी साखर कमी करायचा, पुटपुटत कमी करायचा, पण करायचा.

अशात एक दिवस मालकीणबाई स्वतः तपासणीच्या खोलीत आल्या. जिभाऊ झटकन उठले. खुर्ची जागेवरच राहिली, पण ते बघायला बाईंना सवड नव्हती.

"उद्या सकाळी खरेदीदारबाई येतायत. स्वतः."

"स्वतः?" जिभाऊंच्या हातातली बशी कलली. अर्धा माल ज्यांच्या दुकानांत जायचा, त्या बाई आजवर कारखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. सगळं फोनवर व्हायचं.

"बिस्किटाबद्दल समोरासमोर बोलायचंय म्हणाल्या. आवाज काही बरा वाटला नाही मला." मालकीणबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "त्यांची मागणी गेली, तर रात्रपाळी बंद करावी लागेल. तुमचं सगळं नीट आहे ना, जिभाऊ?"

"माझं? माझं काय! उत्तम आहे," जिभाऊ म्हणाले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायकोची थोरली बहीण आलेली होती. चहा झाला होता आणि बायकोने पाहुणीसाठी, नवऱ्याच्या नजरेआड लपवून ठेवलेला कारखान्यातला ताजा पुडा उघडला होता.

"हे काय गं?" बहिणीने तोंड वाकडं केलं. "पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतंय."

"काहीतरीच काय ताई! ह्यांच्या कारखान्यातलं आहे."

"म्हणून तर बोलले. परक्याचं असतं तर गप्प बसले असते." तिने दुसरं उचललं. "बघ, यातही गोडवा नाही." तिसरं उचललं. "छे! नाहीच."

बायकोने एक तुकडा तोंडात टाकला आणि ती चावायची थांबली. "अहो, जरा इकडे या."

जिभाऊंनी तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "बरोबर आहे की. उलट किंचित जास्तच आहे."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं.

पाहुणी गेल्यावर बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. "परवा तुम्ही म्हणालात, काकडी काय गोड आहे."

"होतीच."

"काल माझ्यावर खेकसलात, दुधात साखर का घातली म्हणून."

"मग? घालायची नाही असं ठरलंय ना आपलं?"

"मी घातलीच नव्हती."

जिभाऊंनी नकळत जीभ दातांवरून फिरवली.

"अहो, तुम्ही इतके दिवस गोडाला शिवला नाहीत. आता तुमच्या जिभेला कणभरही पुरतंय. पण बाकीचं जग अजून साखर खातंय ना!"

जिभाऊंच्या पोटात गोळा आला. पोट एवढं कमी झालं होतं, पण गोळा मात्र व्यवस्थित मावला. किती घाणे आपण असे पास केले? किती ट्रक भरून गेले? आणि ते सगळे त्याच बाईंच्या दुकानांत! रात्रपाळीतली एकेक माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्या दिवशी खुर्ची धरणारे दोघेही हल्ली रात्रपाळीलाच होते.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आधीच ते कारखान्यावर हजर होते.

"जुनं माप लावा," त्यांनी फोरमनला गाठून सांगितलं.

"जुनं म्हणजे कालचं?"

"नाही हो! मूळचं. मी बदलायला सांगितलं त्याच्या आधीचं."

फोरमनने टोपी काढून डोकं खाजवलं. "बाईंसाठीचा घाणा भट्टीतून निघालासुद्धा."

"बाजूला ठेवा तो. नवा लावा."

"लोक विचारतील, का म्हणून."

"मी सांगितलं म्हणून सांगा."

फोरमनने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आवाज उतरवला. "जिभाऊ, रागावू नका, पण सगळे म्हणतायत तुम्ही फार उतरलात. काही मोठं दुखणं तर नाही ना? घरी सांगता येत नसेल तर मला सांगा."

"मी ठणठणीत आहे!" जिभाऊ एवढ्या जोरात ओरडले की फोरमनची खात्रीच पटली.

नवा घाणा निघाला. जिभाऊंनी एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि त्यांच्या दाढा शिवशिवल्या. नुसता पाक! लोक पूर्वी हे खात होते? मी खात होतो? आता यात बरोबर काय आणि चूक काय, हे सांगायला जीभच तयार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवून "पास" म्हटलं. सकाळचा कमी साखरेचा ट्रे दारामागच्या फळीवर ढकलला, नव्या बिस्किटांची बशी भरली आणि ती दोन्ही हातांनी धरून ते मालकीणबाईंच्या खोलीत गेले. फोरमनही मागोमाग आला. जिभाऊ वाटेत कोसळले तर आपण जवळ असावं, असं त्याला वाटत होतं.

खरेदीदारबाई किडकिडीत होत्या आणि हसणं त्यांच्या स्वभावात नसावं. त्यांनी बिस्कीट उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि खाल्लं. फार वेळ लावून खाल्लं. पलीकडे पुडे बांधणाऱ्या यंत्राची खटखट तेवढी ऐकू येत होती.

"हे ते नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हे ते बिस्कीट नाही. तुम्ही काहीतरी बदललंय. मी उगाच नाही आले इतक्या लांब."

मालकीणबाईंनी मान वळवली. "जिभाऊ?"

जिभाऊंनी फोरमनकडे बघितलं. फोरमन पंखा बघत होता.

"बाई, चूक माझी आहे," जिभाऊ म्हणाले. त्यांनी बशी टेबलावर ठेवली. "मी गोड सोडलंय. वजनासाठी. खाणं बदललं आणि त्याबरोबर जीभच बदलली. मला सगळंच गोड लागायला लागलं आणि मी साखर कमी करत गेलो. गेल्या सगळ्या खेपा तशाच गेल्यात. मला काल कळलं. म्हणून आज घाईने जुनं माप लावलं. हा फोरमन बिचारा पहिल्या दिवसापासून नको म्हणत होता. मला काढायचं तर काढा, पण रात्रपाळी बंद करू नका."

"म्हणजे आजारी नाही तुम्ही?" फोरमनच्या तोंडून निघून गेलं.

मालकीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या काही बोलणार तेवढ्यात खरेदीदारबाईंनी हात वर केला.

"आधीच्या मापाचं शिल्लक आहे का काही? ते कमी साखरेचं?"

फोरमन धावत जाऊन दारामागचा ट्रे घेऊन आला. बाईंनी एक खाल्लं. मग दुसरं. मग कुणाकडे न बघता तिसरं.

"हेच," त्या म्हणाल्या. "पूर्वी लोक दोन खायचे, तोंड गोड व्हायचं आणि पुडा मिटून ठेवायचे. आता पुडा उघडला की संपतोच. अजून एक खाऊन बघू, अजून एक खाऊन बघू, असं करत संपतो. माझ्या दुकानांतली माणसं आणखी माल द्या म्हणून डोक्यावर बसलीत. तुम्ही यात घालता तरी काय, ते विचारायला आले होते मी."

"घातलं नाही," फोरमन म्हणाला. "काढलंय."

मालकीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. जिभाऊंच्या जिवात जीव आला आणि त्याबरोबर त्यांना सपाटून भूक लागली. कालपासून पोटात नीट काही गेलं नव्हतं.

"मागणी दुप्पट करते," खरेदीदारबाई सांगत होत्या. "पण अट एकच. चव हीच राहिली पाहिजे. लोणी बदलतं, पीठ बदलतं, तुमच्या यंत्राला ते कळत नाही. एक कण इकडे नको की तिकडे नको. याची जबाबदारी कोणाची?"

सगळ्यांच्या नजरा जिभाऊंकडे वळल्या.

"यांची," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि यांनी पुन्हा गोड खायला सुरुवात केली तर?"

"नाही करणार," मालकीणबाई सावकाश म्हणाल्या. जिभाऊंचा हात पाकासारख्या गोड बिस्किटांच्या बशीकडे निघाला होता. बाईंनी बशी अलगद आपल्याकडे ओढून घेतली.

"पण बाई, ते तात्पुरतं होतं हो," जिभाऊ काकुळतीला आले. "वजन उतरलंय आता. डॉक्टरही म्हणाले, अधूनमधून थोडं चालेल..."

"जिभाऊ, सगळी रात्रपाळी तुमच्या जिभेवर आहे."

दुपारपर्यंत ही बातमी भट्टीपासून फाटकापर्यंत पोचली. चहावालीने त्यांच्यापुढे न विचारता बिनसाखरेचा कप ठेवला आणि ते पिऊन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. पुड्यांच्या विभागात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला. तो जिभाऊंच्या दारावरून नेताना नेणाऱ्याने डोक्याच्याही वर धरला. रात्रपाळीची माणसं कामावर आली ती आधी त्यांच्या खोलीत डोकावून, "काही खाल्लं नाहीत ना?" असं विचारून गेली.

सुटी झाल्यावर जिभाऊ एकटेच निघाले. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानाशी त्यांचे पाय जरा घुटमळले, तेवढ्यात मागून फोरमनचा आवाज आला. "चला, मीही याच रस्त्याने जातोय."

"तुमचं घर तर पलीकडे आहे ना?"

"आजपासून इकडूनच जाणार."

घरी बायको दारातच उभी होती. कित्येक दिवसांत तिचा चेहरा एवढा खुलला नव्हता.

"मालकीणबाईंचा फोन आला होता. किती छान बोलल्या हो! आम्ही ठरवलंसुद्धा. घरचं मी बघायचं, कारखान्यातलं त्या बघणार."

जिभाऊंनी थोडा विचार केला. मग जमेल तितक्या सहज आवाजात त्यांनी विचारलं, "आणि मधला रस्ता?"

त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या फोरमनने हात वर केला.