गोळी आधी काकांनी घेतली

माझं शुद्धलेखन आणि अक्षर दोन्ही वाईट, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. मराठी अक्षरं आजोबांनी घरीच गिरवून घेतली. पण शेजारच्या माधवरावकाकांबद्दल लिहायचं तर मराठीच पाहिजे.

हे काका दुसऱ्याचं औषध आधी स्वतः चाखून बघत. माझ्या मुलीचं खोकल्याचं औषध, सासूबाईंचं एरंडेल, कशालाच सूट नव्हती. त्यांचे कोणी पूर्वज म्हणे इथे तमिळ मुलखात राज्य केलेल्या मराठी राजांच्या वाड्यात, विष नाही ना म्हणून, राजाचं जेवण आधी चाखायला होते. राजे गेले, पण काकांनी ती नोकरी सोडली नव्हती. एरंडेल चाखल्यावर ते दुपारभर दिसले नाहीत. संध्याकाळी येऊन "चांगलं आहे, द्या," म्हणाले.

पोटासाठी त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळेत लघवीच्या बाटल्यांवर नंबर घातले. त्यामुळे पोटात गेलेलं पुढे कुठे जातं, हा त्यांचा आवडता विषय. "जसं जातं तसं बाहेर येत नाही, समजलं की?" हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगत.

मग त्यांच्या बायकोला, रुक्माक्कांना, कॅन्सर निघाला. इंजेक्शन घेतलं की आठवडाभर वांत्या. पाणीसुद्धा ठरेना. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न राहिलं नाही तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही.

काकांचा पुतण्या इंग्लंडात डॉक्टर. त्यानं तिथून वांत्यांवरच्या गोळ्या पाठवून दिल्या. गांजाच्या अंगी असतो तसा गुण, पण कारखान्यात बनवलेला, झाडाचा संबंध नाही. इथल्या डॉक्टरांनी कागद बघून हो म्हटलं. गल्लीत मात्र माधवरावांकडे गांजा आला एवढंच पोचलं, आणि वर्षभर न फिरकलेले दोन गृहस्थ अक्कांची तब्येत विचारून गेले.

काका म्हणाले, आधी मी घेणार.

अक्का पडल्या पडल्या म्हणाल्या, "तुमची परीक्षा संपेपर्यंत मी राहिले पाहिजे की."

घड्याळ बघून लिहून घ्यायला काकांनी मला बसवलं, कारण मी कोणाशी बोलत नाही. वहीत दोन रकाने पाडले: वेळ, आणि काय होतं.

गोळी सकाळी अकराला घेतली. एकला तोंड कोरडं. दीडला, भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम हळू चाललंय. दोनला त्यांनी पंख्याला नमस्कार केला, तोही लिहिला. अडीचला आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाले, "लिही. ही गेली तर सकाळी कॉफी कोणासाठी करू?"

कुठल्या रकान्यात, मी विचारलं.

"काय होतं, त्यात. गोळीचा परिणाम आहे तो. उतरेल."

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या नव्या एसटीडी बूथवर मला वहीसकट घेऊन गेले आणि गोळी अंगातून कधी जाते ते इंग्लंडातल्या पुतण्याला फोनवर ओरडून विचारलं. तो म्हणाला, मूळ गोळी काही तासांतच संपते. पण यकृत तिची दुसरी रूपं बनवतं, त्यांतली काही कामही करतात, आणि ती जायला दोन-तीन दिवस लागतात. "शौचातून जास्त? लघवीतून कमी?" काकांनी प्रत्येक वाक्य मला मोठ्यानं सांगितलं. मागची रांग चार पावलं मागे सरकली. मी खाली बघून लिहीत राहिले. शेवटी पुतण्या त्यांना रागावला असावा, कारण काका एकदम बारीक आवाजात म्हणाले, "होय, आजच देतो."

त्या दिवशी अक्कांनी गोळी घेतली. संध्याकाळी चार चमचे रसम-भात खाल्ला. काका वांती धरायला तसराळं घेऊन दाराशी उभे राहिले. दोन तास झाले. मग त्यांनी ते कोरडं तसराळं घासून, धुऊन ठेवलं.

पाचव्या दिवशी मी वही द्यायला गेले. अक्कांना झोप लागली होती, काका उशाशी बसले होते. आता तुमची गोळी सगळी बाहेर गेली असेल, मी म्हणाले. अडीच वाजताचं खोडू का?

काकांनी वही घेऊन ती ओळ वाचली.

"गोळी गेली," ते म्हणाले. "हे नाही गेलं. राहू दे."