काळ्या चौकोनाची हजेरी

आमच्या विद्यापीठात दर मंगळवारी सकाळी दहाला दोन देशांचा एकत्र तास होतो. इकडची मुलं इकडच्या वर्गात, तिकडची तिकडच्या, आणि समोर पडदा. कॅमेरा-माइक जोडायचं काम माझं. शिकवायची माझी बायको. तासाच्या सुरुवातीला ती विचारायची, "ऐकू येतंय का?" सगळे हो म्हणाले की म्हणायची, "मग मी काय म्हणाले ते सांगा."

सुट्टीत ती वारली.

नवीन सत्र सुरू झालं, तर पडद्यावर तिच्या नावाचा काळा चौकोन होताच. खाली लिहिलेलं, 'उपस्थित'. मी कुलसचिवांकडे गेलो.

"साहेब, तेवढं तिचं नाव काढा. दर मंगळवारी बघवत नाही."

"समजू शकतो," ते म्हणाले. "पण दोन देशांचा करार मॅडमच्या नावावर आहे. नाव काढलं की करार रद्द, मुलांचं वर्ष वाया. शिवाय नाव काढायला मॅडमनी स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन संमती द्यावी लागते."

"ती कशी येणार, साहेब?"

"मग येऊ शकत नाही असा अर्ज द्या. त्यांच्या सहीचा."

मी तिकडच्या प्राध्यापकांना पत्र धाडलं. उत्तर त्यांच्या शिपायाने दिलं : 'आमचे सर सुट्टीतच निवृत्त झाले. त्यांचाही चौकोन चालू आहे. तुमच्या मॅडम दर मंगळवारी हजर दिसतात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.'

तास वेळेवर होत राहिले. दोन काळे चौकोन पन्नास मिनिटं समोरासमोर. मग मुलंही घरूनच आपापले चौकोन पाठवू लागली. वर्गात मी एकटा. सत्र संपताना मुलांनी अभिप्राय दिला, 'मॅडम शांत आहेत. मध्येच प्रश्न विचारत नाहीत.'

हजेरी शंभर टक्के, तक्रार एकही नाही. तिला उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि करार पाच वर्षांनी वाढला. पुरस्कार घ्यायला मात्र मला बोलावलं. शाल चौकोनावर घालता येत नाही.

"दोन शब्द बोला," कुलसचिव म्हणाले.

मी माइक घेतला. "तिचं नाव पडद्यावरून काढा, एवढंच मागणं आहे. ऐकू येतंय का?"

"येतंय," अख्खं सभागृह म्हणालं. मोबाइलमधून मान कोणी वर केली नाही.

"मग मी काय म्हणालो ते सांगा."

कुलसचिवांनी टाळ्या सुरू केल्या.

पुढच्या मंगळवारी दहाला मी वायर जोडली. चौकोन उपस्थित.

तुम्ही इथवर वाचत आलात. ती असती तर तिने तुम्हालाही सोडलं नसतं. आता मी सांगितलेलं सगळं कळलं ना? मग सांगा, ती काय शिकवायची?