सतरा क्रमांकाची मंजूर झोप

आमच्या प्रयोगशाळेतला सतरा क्रमांकाचा उंदीर मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी उठला. बाब गंभीर होती, कारण त्याच्या उठण्याला मंजुरी नव्हती.

मी पिंजऱ्यांवरचा माणूस. बावीस वर्षं उंदरांचं दाणापाणी आणि साफसफाई बघतो. सगळे मला मामा म्हणतात, पण पिंजऱ्याजवळ आले की हेच भाचे नाक दाबून धरतात.

प्रयोग तसा सोपा. मेंदूच्या तळाशी एक बुंधा असतो, त्याला शिकलेले लोक मस्तिष्कस्तंभ म्हणतात. तिथे बारीकशी इजा केली तर उंदराच्या झोपेचं काय होतं, मेंदूच्या लहरी कशा बदलतात, ते बघायचं. पण आमच्याकडे निष्कर्ष आधी मंजूर करून घेतात. आधी प्रयोग केला आणि भलतंच काही निघालं, तर निस्तरणार कोण? म्हणून आराखड्यात वर्षभरापूर्वीच लिहिलेलं होतं: ‘उंदीर झोपेल व उठणार नाही.’

सोळा उंदरांनी शिस्त पाळली. सतरावाही अकरा दिवस झोपला. डोक्याला लावलेल्या तारांतून संथ, लांबलचक लाटा येत होत्या. बाराव्या दिवशी त्या बारीक आणि घाईच्या झाल्या. मग त्याने मिशा झटकल्या आणि माझं बोट हुंगलं.

“ताई, उठला की हो!” मी ओरडलो.

ताई म्हणजे प्रयोग करणारी संशोधक. तिने आलेख पाहिला आणि टाळीच वाजवली. “मामा, मेंदू आपला आपण सावरतोय! केवढी मोठी गोष्ट आहे ही!” पोरीचा चेहरा इतका खुललेला मी पहिल्यांदाच पाहिला. तशीच ती आलेख घेऊन संचालकांकडे गेली, मागून मी पिंजरा घेऊन.

संचालकांनी आलेख उलटासुलटा करून पाहिला. “हा उठला कसा?”

“बरा झाला, सर.”

“बरं होण्याचं कलम दाखवा.”

कलम नव्हतं.

“आराखड्याबाहेर वागणारा प्राणी बाद करायचा, असा नियम आहे. बाद म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. शुक्रवारी तपासणी समिती येतेय. तोपर्यंत उंदीर झोपलेला असावा, नाहीतर नसावा.”

ताईने बाहेर येऊन नोंदवहीत ‘झोप’ लिहिलं. “निदान जगेल तरी, मामा,” एवढंच म्हणाली.

जगण्याचीच पंचाईत होती. दुपारी भांडारपालाने दाण्यांचा डबा माझ्यासमोर बंद केला. “जाग्या उंदराला दाणे, झोपलेल्याला नळीने पातळ. सतरा झोपलेला आहे.”

“बरं, मग नळीने द्या.”

“तोंडात नळी घालायला गेलो तर चावतो.”

“अहो, म्हणजे जागा आहे ना!”

“कागदावर नाही. ‘झोपेत चावणे’ अशी नोंद केली आहे.” त्याने बोटाची पट्टी दाखवली. “आता नळीही बंद, सुरक्षेच्या कारणास्तव.”

सतरा दोन दिवस गजाला दात घासत बसला. माझ्याच्याने बघवेना. गुरुवारी माझ्या जेवणाच्या डब्यातलं गाजर दिलं, तर तासाभरात माझ्या हातात नोटीस: ‘झोपलेल्या प्राण्यास खाऊ घालून शास्त्रीय झोपेत व्यत्यय आणल्याबद्दल खुलासा करावा.’

घरी बायकोने नोटीस वाचली आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यात एक गाजर जास्त घातलं. म्हणाली, “अहो, मेंदूला इजा होऊनही तो बारा दिवसांत उठला. तुम्हाला तर काहीच झालेलं नाही.”

शुक्रवारी समिती आली. सतरा मागच्या पायांवर उभा राहिला, दोन्ही हातांनी गज धरले आणि थेट अध्यक्षांकडे बघू लागला.

“स्थिती?” अध्यक्षांनी विचारलं.

“गाढ झोप,” संचालक म्हणाले.

अध्यक्षांनी उंदराकडे पाहिलं. उंदराने अध्यक्षांकडे पाहिलं. “हो, शांत वाटतोय,” असं म्हणून त्यांनी त्याच्या दातांतून फाइलचा कोपरा सोडवला आणि सही केली. मग एकामागून एक सगळ्यांनी केली. ताईने मान खाली घालून केली. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. बिचारा सतरा दोन्ही नव्हता, पण सोंग आम्ही सगळ्यांनी त्याच्या वतीने घेतलं होतं.

शेवटी कागद माझ्यापुढे आला. ‘जाग’ लिहिलं तर संध्याकाळच्या आत बाद. ‘झोप’ लिहिलं तर जिवंत, पण उपाशी. आणि उद्या उरलेल्या सोळांपैकी कुणी उठला, तर त्याच्याही नशिबी हेच. सहीच्या वर छापलं होतं: ‘मी हे जागेपणी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.’ बायकोचं बोलणं आठवलं. स्वतःची लाज वाटली. ‘झोप’ लिहिलं आणि सही ठोकली.

निष्कर्ष सिद्ध झाला. समितीने अभिनंदन केलं, आणि आणखी चाळीस उंदीर याच कामासाठी मंजूर केले.

फक्त एक रकाना रिकामा राहिलाय: ‘तटस्थ साक्षीदार’. नियमाप्रमाणे हा माणूस संस्थेबाहेरचा हवा. सगळं पाहिलेला, पण कशातच नसलेला. असा माणूस कुठून आणायचा, या काळजीत मी होतो, तेवढ्यात तुम्ही वाचत वाचत इथवर आलात. उंदीर उभा राहिलेला तुम्ही पाहिलात ना? मधेमधे हसलातही. मग हे घ्या पेन, काय ते एकदाचं लिहा. आणि जरा लवकर करा, गाजर सकाळीच संपलंय.