डिलिव्हरी गेटवर ठेवा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर जे घडलं, त्यात कोणाचीही चूक नाही, हे सचिव या नात्याने मी सुरुवातीलाच नमूद करतो. सगळं नियमाप्रमाणे झालं. नियम उत्तम आहेत. ते मीच केले आहेत.

गेटवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद फोनमधल्या ॲपमध्ये होते. त्यासाठी चार रकाने आहेत: पाहुणा, डिलिव्हरी, कामवाले आणि टॅक्सी. पाचव्या प्रकारचा माणूस असू शकतो, असं नियम करताना कोणाही सभासदाने सुचवलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता देवळ्याहून केरू आणि चतुराबाई आले. बी विंगमधल्या दीपकचे हे आईवडील. दीपकला महिन्यापूर्वी मुलगी झाली होती आणि तिला या दोघांनी अजून फक्त फोनवर पाहिलं होतं. सोबत कांद्याची गोणी, सुनेसाठी डिंकाचे लाडू आणि चतुराबाईंनी हाताने शिवलेली गोधडी होती. नातीला त्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचं, एवढ्यासाठीच त्या एसटीत तीन तास बसून आल्या होत्या.

वॉचमन मुस्तकीमने अदबीने विचारलं, पाहुणे का? केरूंना ते लागलं.

"पाव्हणा कसा? बाप हाय मी त्याचा."

मुस्तकीमने चारही रकाने पुन्हा वाचले. त्यात बाप नव्हता. मग त्याने गोणीकडे पाहिलं. "डिलिव्हरी का?"

चतुराबाईंचा चेहरा उजळला. कोणीतरी मुद्द्याचं बोललं होतं. "हा, डिलिव्हरीच. महिना झाला. मुलगी हाय."

"नॉर्मल का अर्जंट?" हा ॲपचा पुढचा प्रश्न होता.

"नॉर्मलच झाली बाबा, देवाच्या दयेनं."

मुस्तकीमने तशी नोंद केली.

दीपक त्या वेळी घरीच लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये होता. वडिलांनी मंगळवारी येतो म्हणून कळवलं होतं. त्यावर त्याने "या की, विचारायचं काय त्यात" असं मोकळ्या मनाने सांगितलं होतं आणि तितक्याच मोकळ्या मनाने तो ते विसरला होता. फोनवर विचारणा आली: डिलिव्हरी आत पाठवू, गेटवर ठेवू, की परत पाठवू? दीपकने न बघता रोजच्या सवयीने 'गेटवर ठेवा' दाबलं. त्यामुळे मुस्तकीमने त्यांना गेटवर ठेवलं. पार्सलच्या मांडणीशेजारी त्याने आपली खुर्ची चतुराबाईंना दिली. हे नियमात बसत नाही. त्याबद्दल त्याला समज देण्यात आली आहे.

केरूंनी दीपकला फोन लावला. तो कट झाला आणि 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' असा मेसेज आला. तो मुस्तकीमकडून वाचून घेऊन केरू म्हणाले, पोरगं कामात हाय. त्यात त्यांना अभिमानच वाटला. सुनेचा नंबर त्यांच्याकडे नव्हता, आणि बाळाची झोपमोड होते म्हणून घरातला इंटरकॉम काढून ठेवलेला होता.

दोन तासांत न उचललेली डिलिव्हरी परत जाते. एक वाजता मुस्तकीमने मला फोन केला. "साहेब, आईबाप आहेत ते." मी विचारलं, नोंद काय आहे? तो म्हणाला, डिलिव्हरी. मग माझ्या हातात काय राहिलं? मी दीपकच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो हे खरं. पण सचिवानेच जिना चढून रेकॉर्डमध्ये ढवळाढवळ केली, तर शिस्त राहील का?

मुस्तकीम तरीही केरूंना म्हणाला, "बाबा, पाहुणा म्हणून नवी नोंद करतो. फक्त मुलाकडून कोड मागवावा लागेल."

केरू उठले. "पोराच्या दारात पाव्हणा व्हायचं, अन् तेबी त्याच्या परवानगीनं? नको."

चतुराबाई उठेनात. "बाळ रडलं तर हितून ऐकू येतं का?" त्यांनी विचारलं.

बी विंग मागच्या बाजूला आहे. ऐकू येत नाही. सामान मांडणीवर ठेवून दोघं रिक्षाने स्टँडकडे गेली.

संध्याकाळी दीपकने सामान वर नेलं. डिलिव्हरी कशी वाटली, असं ॲपने विचारलं. त्याने पाच तारे दिले. मग गोधडी उलगडली. मधोमध त्याच्या शाळेच्या शर्टाचा तुकडा होता, खिशावरच्या शाईच्या डागासकट. दीपक अनवाणी गेटपर्यंत धावत आला, सहा चाळीसला, अशी नोंद आहे. तोवर देवळ्यात चतुराबाईंचं शेजारणींना सांगून झालं होतं की नात अगदी दीपकवर गेलीय, मांडीवरून खाली ठेवूच देत नव्हती.

रविवारी तातडीची सभा झाली. सगळ्यांना फार वाईट वाटलं. ॲपमध्ये 'आईवडील' हा पाचवा रकाना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. त्यासाठी प्रत्येक सभासदाने आधी नोंद करायची आहे: आईवडिलांचं नाव, गाव, आणि आपण त्यांच्याकडे शेवटचं कधी गेलो ती तारीख.

तीन आठवडे झाले. दोनशे अठरा फ्लॅटपैकी एकाचीही नोंद पूर्ण नाही. माझीही तारखेपाशी अडली आहे, आणि ती जागा रिकामी ठेवली तर ॲप पुढे जाऊ देत नाही. तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, तर तुम्हीच एकदा भरून बघा. नाव आणि गाव सोपं आहे.