डाव्या बाजूचा धबधबा

ट्रेव्हर ग्रिमशॉनं ठरवलं होतं की क्रूझ बुक करण्याआधी फक्त एक रिव्ह्यू वाचायचा. एकच. चहा गार व्हायच्या आत वाचून होईल, मग बटण दाबलं की काम झालं. ही गोष्ट ईस्टरच्या सुमाराची. ख्रिसमस आला तरी ट्रेव्हर वाचतच होता आणि बटणाला कुणाचा हात लागला नव्हता.

(तोवर बाल्कनीच्या सगळ्या केबिन संपल्या. ट्रेव्हरला त्याचं काही वाटलं नाही. बाल्कनीत गारठा फार असतो, असं एका रिव्ह्यूत लिहिलेलंच होतं.)

आमच्या हडर्सफील्डमध्ये माणूस रिटायर झाला की एक तर गुलाब लावतो, नाही तर क्रूझला जातो. ट्रेव्हरचे गुलाब दोनदा वाळून गेले होते, तेव्हा क्रूझ आलीच. पण खरी ओढ होती ती ग्लेनिसची, म्हणजे त्याच्या बायकोची. ग्लेनिसच्या आईकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्याच्या झाकणावर नॉर्वेतल्या कुठल्याशा खाडीतल्या धबधब्याचं चित्र होतं. बिस्किटं ग्लेनिसच्या लहानपणीच संपली. मग डब्यात बटणं आली, पुढे सुया आणि दोरे. आई गेल्यावर डबा ग्लेनिसकडे आला. ट्रेव्हरनं लग्नाआधी, म्हणजे माणूस काहीही कबूल करतो त्या काळात, तिला तो धबधबा दाखवायचं कबूल केलं होतं. नंतर मुलं झाली, मग छप्पर गळायला लागलं, मग ग्लेनिसचा गुडघा गेला.

"तू काय वाचायचं ते वाच," ग्लेनिस म्हणाली, "पण एक सांगते. तुझ्या रिव्ह्यूंच्या नादानं आपण तो वेल्सचा आठवडा खाटकाच्या दुकानावरच्या खोलीत काढला. मी बोलले नाही. या वेळी मला तो धबधबा दिसला पाहिजे. जेवण वाईट असू दे, गादी टोचू दे. धबधबा चुकला तर परत आल्यावरसुद्धा मी तुझ्याशी बोलणार नाही. कधीच."

तिनं हे शांतपणे सांगितलं, म्हणून ट्रेव्हर घाबरला. आणि घाबरला म्हणून आणखी वाचायला लागला.

आता ट्रेव्हरच्या वाचण्याला एक शास्त्र होतं. जन्मभर तो नगरपालिकेच्या तक्रार विभागात बसला होता. त्यामुळे खूश माणसावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. "सगळं छान होतं! छान म्हणजे काय? पुरावा कुठाय?" असं म्हणून तो पाच चांदण्यांचे रिव्ह्यू बोटानं उडवून लावी. "चिडलेला माणूस खोटं बोलत नाही, ग्लेनिस. चिडलेला माणूस तपशील देतो."

आणि तपशील द्यावेत ते 'चोखंदळ केन'नं. हा केन कोण, कुठला, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण त्यानं ढीगभर क्रूझ केल्या होत्या आणि एकही त्याला आवडली नव्हती. सूप कोमट, उशा मऊ, कप्तान फार हसतो, समुद्र नको तितका हलतो. अशा माणसानं पुन्हा पुन्हा जहाजावर का चढावं, हा प्रश्न ग्लेनिसनं विचारला.

"आपल्यासाठी," ट्रेव्हर भारावून म्हणाला.

केनच्याच सांगण्यावरून त्यांनी 'लेडी प्रिमरोज' हे जहाज निवडलं. (केननं त्याला एकाऐवजी दोन चांदण्या दिल्या होत्या.) केनच्या सांगण्यावरून ट्रेव्हरनं रेनकोट घेतला. आणि केननं 'जहाजावर उकळतं पाणी मिळत नाही, चहा म्हणून जे देतात त्यात पाय शेकावेत' असं लिहिलं होतं, म्हणून ट्रेव्हरनं घरची विजेची किटली ग्लेनिसच्या झोपायच्या गाऊनमध्ये गुंडाळून तिच्याच बॅगेत लपवली. साउथॅम्प्टनच्या बंदरावर ती यंत्रात दिसली. तपासणीवाल्या बाईंनी सगळ्या रांगेदेखत आधी गाऊन बाहेर काढला, मग किटली.

"आगीचा धोका," बाई म्हणाल्या. "जप्त."

"गाऊन की किटली?" मागून कुणीतरी विचारलं.

ग्लेनिस गाऊन छातीशी धरून तडक केबिनकडे निघाली. केबिनमध्ये टेबलावर दोन कप, चहाच्या पुड्या आणि चकचकीत नवी किटली मांडून ठेवली होती.

"केननं ते दुसऱ्या जहाजाबद्दल लिहिलं असणार," ट्रेव्हर म्हणाला.

"मग धबधबा तरी याच जगातला आहे ना?" ग्लेनिस म्हणाली.

धबधब्याबद्दल मात्र केननं अगदी नकाशा काढावा तसं लिहिलं होतं. खालचा डेक, डावी बाजू, शेवटच्या होडीच्या पलीकडचा कठडा. 'ही जागा कुणालाच माहीत नाही. बाकीचे मूर्ख वर गर्दी करतात. घोषणा अजिबात ऐकू नका. घोषणा करणारा जहाजाच्या शेपटीकडे तोंड करून बसतो, त्याचं उजवं ते आपलं डावं.' हे वाचून ट्रेव्हर बराच वेळ केनच्या बुद्धीचं कौतुक करत बसला होता.

शिवाय केनची एक सक्त ताकीद होती. प्रवाशांनी आपले कपडे आपण धुवायची जी खोली असते, तिकडे फिरकायचं नाही. तिथे बायका इस्त्रीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटतात.

"तू तिकडे जायचं नाहीस," ट्रेव्हरनं ग्लेनिसला बजावलं.

ग्लेनिस दुसऱ्याच दिवशी गेली. तिथे हेझल नावाची संडरलंडची एक म्हातारी होती, तिनं आधी ग्लेनिसला खुर्ची दिली, मग बिस्किट दिलं, मग स्वतःच्या तिन्ही जावयांची माहिती दिली. इस्त्रीवरून वादावादी होते हे खरं होतं, पण ती 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' अशी होती. त्यानंतर ग्लेनिस रोज एकच ब्लाउज धुवायला लागली.

खाडीत शिरायचा दिवस उजाडला तो बारीक पावसातच. ट्रेव्हर नाश्ता अर्धा टाकून त्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. अंगात रेनकोट, शेजारी ग्लेनिससाठी कठड्यावर टाकलेला टॉवेल, आणि चेहऱ्यावर आतली खबर असलेल्या माणसाचा भाव. डेकवर चिटपाखरू नव्हतं. केन खरा बोलला होता.

"शर्टाला इस्त्री करून येते," असं सांगून ग्लेनिस गेली होती. बगलेत आईचा तो बिस्किटांचा डबाही होता. इस्त्रीला डबा कशाला, हे ट्रेव्हरला विचारावंसं वाटलं नाही.

थोड्या वेळानं एक बुटका, दुर्बीण लटकवलेला गृहस्थ आला. ट्रेव्हरला पाहून तो थबकला. आपल्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं दिसावं तसा त्याचा चेहरा झाला.

"ही जागा तुम्हाला कुणी सांगितली?" त्यानं तुसडेपणानं विचारलं.

"तज्ज्ञ माणसानं," ट्रेव्हर म्हणाला. "या विषयात त्याच्या वरचा कुणी नाही."

"असं?" गृहस्थाचा चेहरा एकदम खुलला. "आणि तो म्हणतो डावीकडेच?"

"शंभर टक्के डावीकडे."

"मग बरोबरच असणार. मलाही तसंच आठवतं." आणि तो ट्रेव्हरच्या मागे उभा राहिला.

इथेच सगळं बिघडलं. एक माणूस उभा असेल तर तो उभा असतो, पण दोन माणसं एकामागे एक उभी असली की ती रांग असते. आणि रांग दिसली की आम्हा लोकांचे पाय आपोआप वळतात. रांग कशाची आहे हे विचारणं आमच्यात असभ्य समजतात, पुढे गेल्यावर कळतंच. एक जोडपं आलं, उभं राहिलं. मग ब्रिज खेळणाऱ्या चार बायका. मग चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा, त्यांना तर दोघांनी आग्रहानं पुढे घेतलं. बघता बघता रांग होडीला वळसा घालून जिन्याच्या दारात गेली.

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "प्रवाशांनो, धबधबा आता आपल्या उजव्या बाजूला दिसेल."

रांगेत चुळबूळ झाली. ट्रेव्हर मागे वळला आणि तक्रार विभागातला जुना आवाज काढून म्हणाला, "कुणी हलू नका. घोषणा करणाऱ्याचं तोंड शेपटीकडे असतं. त्याचं उजवं, आपलं डावं."

"अगदी बरोबर!" बुटका गृहस्थ जोरात म्हणाला. "माझंही हेच मत आहे."

खुलासा रांगेतून मागे मागे गेला. माना डोलल्या. ब्रिजवाल्या बाईंनी तर पलीकडे निघालेल्या दोघांना हाका मारून परत आणलं. सगळे डावीकडे बघायला लागले. डावीकडे खडक होता. करडा, ओला, भरपूर मोठा खडक.

मग जहाजाच्या उजव्या बाजूनं, वरच्या सगळ्या डेकवरून, एकदम मोठा 'आऽऽहा' उठला. टाळ्या पडल्या. पाण्याचा गडगडाट इतका जवळून आला की चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांनी, ज्यांना एरवी काही ऐकू येत नसे, विचारलं, "कुठाय?"

सगळे खडकाकडेच बघत राहिले.

"हवा बरी आहे आज," शेवटी कुणीतरी म्हणालं. पाऊस पडत होता.

ट्रेव्हर हळहळला. स्वतःसाठी नाही. टॉवेल तसाच कठड्यावर भिजत पडला होता. ग्लेनिस बिचारी त्याच्या शर्टाला इस्त्री करत कुठेतरी आत कोंडलेली, आणि तिचा जन्मभराचा धबधबा बाहेरून निघून चालला होता. या माणसानं बायकोवर जन्मभर प्रेम केलं होतं, पण पद्धत नेहमी केनची वापरली. तो पळायला वळला. समोर रांग. रांगेतून घुसून जाणं हे ट्रेव्हरच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्यानं एकेकाची परवानगी घेतली.

"सॉरी."

"छे छे, सॉरी माझंच."

"सॉरी हं, जरा."

"सॉरी, माझी छत्री लागली का?"

असा सॉरी म्हणत म्हणत तो दारापर्यंत पोचला, तेव्हा पलीकडचा गडगडाट मागे पडून बारीक झाला होता.

ग्लेनिस कपड्यांच्या खोलीत सापडली. ती खोली उजव्या बाजूला होती आणि तिला भिंतभर खिडकी होती, हे केननं कधीच लिहिलं नव्हतं, कारण केन तिकडे फिरकलाच नव्हता. खिडकीशी खुर्च्या मांडल्या होत्या. हेझल होती, आणखी चार-पाच बायका होत्या, इस्त्रीच्या टेबलावर चहा होता. ग्लेनिसच्या मांडीवर डबा होता, झाकणावरचं चित्र खिडकीकडे केलेलं, आणि तिचे डोळे ओले होते.

"ग्लेनिस," ट्रेव्हर दारातूनच म्हणाला, "माझं चुकलं. मी तुला..."

"अरे, होतास कुठे तू?" ग्लेनिस म्हणाली. "तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. हेझलनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं, खाडीत येताना उजवीकडे, जाताना डावीकडे. ती तिसऱ्यांदा आलीय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की, नाश्त्याला. तू म्हणालास, हेझल फार खूश बाई आहे, तिचं काही धरू नकोस."

ट्रेव्हर खाली बसला. हेझलनं त्याला बिस्किट दिलं.

"कसा होता?" त्यानं हळूच विचारलं.

ग्लेनिसनं झाकणावरून बोट फिरवलं. "अस्साच. फक्त हलत होता." आणि मग ती हसली, लग्नाआधी हसायची तशी. ट्रेव्हरला इतकं बरं वाटलं की धबधबा आपण पाहिलेलाच नाही, हे तो बराच वेळ विसरून गेला.

खाडीतून बाहेर पडताना तो पुन्हा त्याच कठड्याशी गेला. या वेळी केन अक्षरशः खरा ठरला. धबधबा डावीकडेच होता. धुकं एवढं होतं की रेनकोटाची बाही दिसेना, पण तो ऐकू छान येत होता.

घरी परतल्यावर ट्रेव्हर पुढच्या वर्षीच्या तयारीला लागला, म्हणजे टॅब्लेट घेऊन स्वयंपाकघरात बसला. ग्लेनिस टोस्टला लोणी लावत होती.

"केननं लिहिलंय!" तो ओरडला. "आपल्याच जहाजाबद्दल! आपल्याच फेरीबद्दल! म्हणजे केन जहाजावर होता, ग्लेनिस! मी त्याला भेटलो असतो!"

"वाच मोठ्यानं," ग्लेनिस म्हणाली.

ट्रेव्हर वाचायला लागला. "'जहाज बरं. सूप सहन होण्यासारखं.' बघ, किती तोलून लिहितो. 'मात्र एका माणसापासून सावध राहा. उंच, पिवळा रेनकोट, आवाज सरकारी. कुण्या तज्ज्ञानं सांगितलं म्हणे, असं म्हणून हा चुकीच्या बाजूला सगळ्यांत पुढे उभा राहतो. मी दुर्बीण घेऊन नेमका त्याच्या मागे अडकलो. मला खरं तर बाजू ठाऊक होती, पण त्यानं माझा गोंधळ केला. याच्या नादी लागून...'"

ट्रेव्हर टॅब्लेट पाठीमागे लपवायला लागला. ग्लेनिसनं टॅब्लेट त्याच्या हातातून घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं.

"'याच्या नादी लागून पन्नास सभ्य माणसांनी खडक पाहिला. त्याची बायको तेवढी त्याच्या शेजारी नव्हती. बाई शहाणी असणार.'"

"साफ खोटं आहे!" ट्रेव्हर लालबुंद झाला.

"खोटं कसं असेल? चांगला चिडलाय तो. आणि तपशीलसुद्धा आहेत."

"तपशील चूक आहेत! रेनकोट पिवळा नव्हता, मोहरीच्या रंगाचा होता!"

रिव्ह्यूच्या खाली एक प्रश्न होता, 'हा अभिप्राय तुम्हाला उपयोगी वाटला का?' ग्लेनिसनं लोण्याचं बोट ॲप्रनला पुसलं आणि 'हो' दाबलं. तिच्या आधी बऱ्याच जणांनी दाबलेलं होतं. साधारण रांगेत होते तेवढ्यांनी.