अंगठ्याचं सासर

आमच्या अक्कानं तिच्या सासरी, सास्तुरात, किती अंगठ्यांची लग्नं लावली, तिलाच ठाऊक. तोंडात अंगठा घालून फिरणारं लेकरू दिसलं की ती त्याला ओट्यावर बसवते. अंगठ्याला हळद लावते, हिरव्या चिंधीचं लुगडं नेसवते, वरून चार तांदूळ टाकते. मग बाकीची बोटं त्यावर मिटून सांगते, "मूठ हे आता हिचं सासर. तोंड म्हंजी माहेर. ऊठसूट माहेरी यायचं न्हाय."

लोक हसतात. अक्का हसत नाही. एका सोयरिकीत तिनं नवऱ्या मुलालाच दात दाखवायला लावले. "पुढं आल्यात. येळेवर अंगठ्याचं लगीन लावलं न्हाय, अन् आता ह्येचं लावाय निघाल्यात," म्हणाली. सोयरीक जमली, जेवताना अक्काला मात्र कुणी आग्रह केला नाही.

कडुनिंब, मिरची असलं तिला खपत नाही. "लेकरू इसाव्याला चोखतंय. इसावा काढून घ्यायचा अन् वर तिखट लावायचं व्हय?"

मी लावलं होतं. माझी सवी सहा वर्षांची. दुधाचे दात पडून पुढचे नवे येऊ लागले होते. कळंबचे दाताचे डॉक्टर म्हणाले, "आतापर्यंत चाललं. हे दात कायमचे आहेत. अंगठा सुटला नाही तर पुढं येतील, मग तारा बसवाव्या लागतील." मी घरी येऊन मिरची लावली. तिनं तोच हात डोळ्याला लावला. त्यानंतर ती माझ्याकडं बघून अंगठा लपवायला लागली, आणि लपून जास्तच चोखायला लागली.

शेवटी तिला घेऊन एसटीनं सास्तूर गाठलं.

"आज बरा रस्ता घावला," अक्का दारातच म्हणाली.

"सवीच्या दातांचं जरा..."

"व्हय. दातांचंच आसणार."

लग्न लागलं. सवी मिटलेल्या मुठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, पंचमीला तरी?"

"पंचमीला काय, बाई?"

"माहेरी. मम्मीला मामा न्यायला येतो की."

अक्कानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आई गेली त्या वर्षी पंचमीला मी अक्काला आणायला गेलो नाही. तेव्हा कारण होतं. पुढच्या वर्षी कारण शोधलं. नंतर शोधायचीही गरज पडेना, अंगवळणीच पडलं. अक्का दर पंचमीला पिशवी भरून ठेवते, हे तिच्या सुनेनं मला एकदा सांगितलं होतं. मी पावसापाण्याचं विचारून विषय बदलला होता.

"न्यायला आलं तर जायचं," अक्का सवीला म्हणाली. "आपणहून न्हाय."

"मग कोण येणार?"

"बघू की. कुणी येतंय का."

अंगठ्याचं लुगडं नीट बसलेलं होतं. तरी तिनं ते सोडलं आणि पुन्हा नेसवायला घेतलं.